नाद

२०२४ सालच्या मार्च महिन्यातल्या पहिल्या रविवारी आम्ही चौघे मित्र डोंबिवलीत एकाच्या घरी जमलो होतो. दोनच दिवसांपूर्वी, १ मार्चला, ब्रूस डिकिन्सनचा 'द मॅन्ड्रेक प्रोजेक्ट' हा अल्बम प्रसिद्ध झाला होता, आणि तो ज्याने त्याने आपापल्या घरी कानात इअरफोन घालून ऐकायचा नाही, एकत्र बसूनच ऐकायचा, असे आमचे महिनाभर आधीच ठरले होते. त्याच्या स्वतःच्या नावाचा त्याआधीचा अल्बम २००५ सालचा होता. मधल्या एकोणीस वर्षांत आमच्यापैकी एकाचे वडील गेले, दोघांना मुले झाली, एकजण नोकरीसाठी नाशिकला जाऊन तिथलाच झाला. आणि तरीही पहिल्या गाण्याची पहिली ओळ आली तेव्हा चौघांच्याही माना एकाच वेळी वर झाल्या. हा आवाज आमच्या ओळखीचा होता. पासष्टीचा झालेला, थोडा खरखरीत, खालच्या पट्टीत अधिक रमणारा, पण तोच.

ब्रूस डिकिन्सन म्हणजे आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गायक. १९५८ साली इंग्लंडमधल्या वर्कसॉप या गावी जन्मलेला हा माणूस १९८१ साली मेडनमध्ये आला, १९९३ साली बाहेर पडला आणि १९९९ साली परत आला. त्याची ओळख इतक्यावर संपली असती तर त्याच्याविषयी बोलायला आम्हाला तीस वर्षे पुरली नसती. तो तलवारबाज आहे, आणि फॉइल या प्रकारात एके काळी ब्रिटनच्या मानांकनात सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचलेला आहे. तो प्रवासी विमानांचा वैमानिक होता. त्याने दोन विनोदी कादंबऱ्या लिहिल्या, एका चित्रपटाची पटकथा लिहिण्यात भाग घेतला, बीबीसीच्या एका रेडिओ केंद्रावर आठ वर्षे दर आठवड्याला कार्यक्रम केला, आणि स्टॉकपोर्टच्या एका जुन्या ब्रूअरीबरोबर बसून मेडनच्या नावाची बिअर चवीपासून ठरवली. ही यादी वाचून लोक चकित होतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. आम्ही मात्र तिथेच थांबलो, कारण आमच्या मनात या यादीविषयी बरीच वर्षे एक सल होता.

तो सल असा, की या सगळ्या गोष्टींच्या मागे लागून ब्रूसने आपला गळा वाया घालवला. माझी आजी याला 'नादी लागणे' म्हणाली असती. तिच्या तोंडी हा शब्द नेहमी काळजीनेच यायचा. पतंगाचा नाद, नाटकाचा नाद, सिगारेटचा नाद, सगळे एकाच सुरात. पण मराठीने या शब्दाच्या बाबतीत एक फार सुंदर गोष्ट करून ठेवली आहे. नाद म्हणजे वेड, आणि नाद म्हणजे ध्वनीसुद्धा. मृदंगाचा नाद आणि मृदंगाच्या मागे घरदार विसरलेल्या माणसाचा नाद आपण एकाच शब्दात सांगतो. ब्रूसच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ वेगळे काढता येत नाहीत, हे मला फार उशिरा कळले.

१९९३ साली तो मेडन सोडून गेला तेव्हा मी अकरावीत होतो. ही बातमी आमच्यापर्यंत पोहोचायलाच काही महिने लागले, कारण परदेशी संगीताची मासिके आम्हाला फोर्टच्या पदपथावर जुनी होऊनच मिळायची. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये आम्ही तासन्‌तास उभे राहायचो, कव्हरे उलटसुलट करून वाचायचो आणि दहा वेळा गेल्यावर एकदा एखादी कॅसेट विकत घ्यायचो. 'बॉल्स टू पिकासो' हा त्याचा १९९४ सालचा अल्बम मात्र आमच्याकडे तिथून आला नाही. मित्राच्या थोरल्या भावाने दुबईहून सीडी आणली, तिच्यावरून एक कॅसेट भरली गेली, त्या कॅसेटवरून दुसरी आणि दुसरीवरून माझी. माझी प्रत तिसऱ्या पिढीची असल्याने तिच्यात समुद्राच्या गाजेसारखी एक सरसर सतत ऐकू यायची. शेवटचे गाणे 'टीअर्स ऑफ द ड्रॅगन' अगदी हळू, गिटारच्या मोजक्या सुरांवर सुरू होते; त्या सरसरीतून ब्रूसचा आवाज जणू दूरच्या खोलीतून आल्यासारखा उमटायचा, आणि मग धृपदाशी येऊन एकदम अख्खी खोली व्यापायचा. पुढे मी ते गाणे स्वच्छ ध्वनिमुद्रणात शेकडो वेळा ऐकले आहे. तरी माझ्या मनातले गाणे त्या सरसरीसकटच वाजते.

ते गाणे भीतीविषयी आहे: हातातले सगळे सोडून लाटेच्या स्वाधीन होण्याविषयी. जगातल्या सर्वांत मोठ्या मेटल बँडपैकी एकाची जागा सोडून आलेल्या, पस्तिशीच्या गायकाने ते लिहिले आहे, हे सोळा-सतरा वर्षांच्या आम्हाला समजत नव्हते. या अल्बमसाठी त्याने आधी केलेली ध्वनिमुद्रणे बाजूला ठेवली होती आणि लॉस एंजलिसच्या रॉय झी या गिटारवादकाबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. झालेले काम टाकून देण्याची किंमत काय असते, हे स्वतः नोकरीत पडून चार कामे टाकून देईपर्यंत कळत नाही.

त्याच वर्षीची एक गोष्ट आम्हाला कितीतरी वर्षांनी समजली. डिसेंबर १९९४ मध्ये ब्रूस आपल्या नव्या, नवख्या बँडला घेऊन युद्धात होरपळणाऱ्या बोस्नियाच्या राजधानीला, सारायेव्होला गेला. शहराला वेढा पडून अडीच वर्षे उलटली होती. भोवतालच्या डोंगरांवरून तोफा आणि बंदुका शहरावर रोखलेल्या होत्या. वीज, पाणी, सरपण कशाचाच भरवसा नव्हता. मदतकार्य करणाऱ्या एका गटाच्या ट्रकमध्ये मागे बसून, रात्रीच्या अंधारात इग्मान डोंगरावरच्या रस्त्याने ही मंडळी आत शिरली आणि १४ डिसेंबरला त्यांनी तिथल्या सांस्कृतिक केंद्रात कार्यक्रम केला. त्या रात्री सभागृहात असलेली तरुण मुले या कार्यक्रमावर पुढे निघालेल्या माहितीपटात दिसतात, तोवर ती मध्यमवयाची झालेली असतात. ती जे सांगतात त्यात संगीताच्या गुणवत्तेची चर्चा जवळजवळ नसतेच. बाहेरून कोणीतरी आपल्यासाठी आत आले, एवढेच ती परत परत सांगतात. २०१९ साली सारायेव्होने ब्रूसला मानद नागरिकत्व दिले. मी सतरा वर्षांचा असताना ज्या काळाला 'ब्रूस वाया गेला तो काळ' म्हणत होतो, तो हाच.

१९९६ सालच्या 'स्कंकवर्क्स'वरून आमच्यात खरी भांडणे झाली. ब्रूसने केस कापले होते, निर्मितीसाठी सिअ‍ॅटलचा जॅक एन्डिनो घेतला होता आणि संगीतातून मेडनची घोडदौड पार काढून टाकली होती. आमच्यातल्या एकाने ती कॅसेट ऐकून दुसऱ्या दिवशी परत केली. मी ती ठेवून घेतली, पण आवडली असे तेव्हा म्हणू शकलो नाही. आज मला तो अल्बम मनापासून आवडतो. त्याच्यात एक निळी, थंड, उंचावरची हवा आहे. 'स्कंकवर्क्स' हे नाव लॉकहीड या अमेरिकन विमान कंपनीच्या ज्या विभागात गुप्त विमाने घडवली जात, त्या विभागाचे आहे. ब्रूस नव्वदच्या दशकातच फ्लोरिडात विमान चालवायला शिकला. म्हणजे ज्या वर्षांत आम्ही त्याच्या गाण्यात जुना ब्रूस शोधत होतो, त्या वर्षांत तो कॉकपिटमधून ढगांकडे बघायला शिकत होता, आणि ते बघणे गाण्यात उतरत होते. आम्ही मात्र कान जमिनीला लावून बसलो होतो.

मग 'अ‍ॅक्सिडेंट ऑफ बर्थ' आला, मेडनमधला त्याचा जुना जोडीदार एड्रियन स्मिथ गिटार घेऊन परत त्याच्या शेजारी उभा राहिला, आणि १९९८ साली 'द केमिकल वेडिंग' आला. या अल्बमविषयी मी संयमाने लिहू शकत नाही. माझ्या मते मेडनसह त्याने केलेल्या सगळ्या कामात गायक म्हणून ब्रूसची ही सर्वोच्च जागा आहे. विल्यम ब्लेक हा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला लंडनचा कवी आणि कोरीवकाम करणारा कारागीर. देवदूत आणि राक्षस आपल्याला प्रत्यक्ष दिसतात असे सांगणारा, हयातीत फारशी किंमत न मिळालेला. त्याच्या प्रतिमांवर हा अल्बम उभा आहे. मुखपृष्ठावर ब्लेकचेच चित्र आहे, पिसवेच्या भुताचे. गिटारचे स्वर इतके खाली उतरवलेले, की ते पायांतून चढत येतात, आणि त्यांच्यावर ब्रूसचा आवाज तांब्याच्या पत्र्यावर कोरल्यासारखा. इतिहास हा कॉलेजातला त्याचा विषय होता, आणि जुन्या किमयागारांच्या गूढविद्येचा त्याला विलक्षण नाद. एखाद्या विषयावर माणूस वर्षानुवर्षे मनातल्या मनात वाचत, घोटत राहिला म्हणजे तो विषय गळ्यातून कसा येतो, हे ऐकायचे असेल तर हा अल्बम ऐकावा. ब्लेकची कविता मी त्याच्यामुळे वाचली. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातला तो 'टायगर' मला त्याच्या आधी कधी भेटलाच नव्हता.

१ फेब्रुवारी २००८. वांद्रे-कुर्ला संकुलातले एमएमआरडीएचे मैदान. मेडन त्याच्या आदल्या वर्षी बंगळुरूला येऊन गेले होते, पण तेव्हा मला रजा मिळाली नव्हती. या वेळी तर जगाच्या दौऱ्याची सुरुवातच मुंबईपासून होती. बोइंग ७५७ जातीचे एक प्रवासी विमान त्यांनी त्या दौऱ्यासाठी घेतले होते, मागच्या बाजूची आसने काढून तिथे जवळजवळ बारा टन सामान भरले होते, आणि ते विमान चालवणारा कॅप्टन होता ब्रूस. पंचेचाळीस दिवसांत पाच खंडांतले तेवीस कार्यक्रम, असा तो प्रवास होता.

आम्ही कुर्ला स्टेशनवरून चालत गेलो होतो. मैदानात धूळ एवढी होती, की संध्याकाळच्या दिव्यांभोवती तिची कडी दिसत होती. अंधार झाला, भोंग्यांवरून चर्चिलचे युद्धकाळातले भाषण सुरू झाले आणि ते संपता संपता 'एसेस हाय' हे लढाऊ वैमानिकांविषयीचे गाणे अंगावर आले. ब्रूस पन्नाशीला टेकला होता. रंगमंचावरच्या उंचवट्यावरून तो धावत आला, उडी मारली आणि पहिलाच वरचा सूर तसाच, धावण्याच्या श्वासावर लावला. माझ्या शेजारचा मित्र, ज्याने 'स्कंकवर्क्स' परत केला होता तोच, माझा दंड घट्ट धरून उभा होता. नंतर त्याने सांगितले, की त्या क्षणी त्याच्या मनात एकच विचार होता: आत्ता विमानांविषयी गाणाऱ्या या माणसाने स्वतःच विमान चालवत हा सगळा बँड आपल्या शहरात आणून उतरवला आहे. त्या रात्री आमच्या मनातला सल गेला. परतताना लोकल मिळाली नाही, आणि ठाण्यापर्यंतच्या टॅक्सीत कोणी फारसे बोलले नाही.

विमान हा त्याचा मिरवण्याचा छंद नव्हता, हे इथे सांगितले पाहिजे. अ‍ॅस्ट्रेअस नावाच्या एका लहानशा ब्रिटिश विमान कंपनीत तो वैमानिक म्हणून नोकरीला होता आणि कॅप्टनच्या पदापर्यंत चढला. २०११ साली ती कंपनी बंद पडेपर्यंत दौऱ्यांच्या मधल्या काळात तो सुटीवर निघालेल्या सामान्य प्रवाशांना नेत-आणत असे. २००६ साली लेबनॉनमध्ये युद्ध पेटले तेव्हा तिथून सुटका झालेल्या ब्रिटिश नागरिकांना घरी आणणाऱ्या विमानांपैकी एक त्याच्या हाती होते. मला या गोष्टीतले मोल वेगळेच वाटते. पन्नास हजार लोक ज्याचे नाव घेऊन ओरडतात, तो माणूस दुसऱ्या दिवशी गणवेश चढवून उपकप्तानाबरोबर तपासणीची यादी ओळीने वाचतो, आणि त्याच्या पाठीमागे बसलेल्या प्रवाशांना तो कोण आहे याच्याशी कर्तव्य नसते; त्यांना वेळेवर आणि सुखरूप पोहोचायचे असते. गाण्यात एखादा सूर निसटला तर श्रोते सांभाळून घेतात. त्या खुर्चीत तशी सवलत नाही, आणि तो ती खुर्ची स्वतःहून मागून घेत होता.

२०१४ सालच्या अखेरीस त्याच्या जिभेच्या मुळाशी कर्करोगाची गाठ सापडली. ही बातमी आली त्या आठवड्यात आम्ही एकमेकांना फोन करायचो आणि मग काय बोलावे ते न सुचून ठेवून द्यायचो. गायकाला जीभ, तीही मुळाशी. त्याने तेहेतीस वेळा किरणोपचार आणि त्यांच्या जोडीने केमोथेरपी घेतली, आणि मे २०१५ मध्ये तो रोगमुक्त असल्याचे जाहीर झाले. 'द बुक ऑफ सोल्स' हा मेडनचा अल्बम या आजारापायी लांबणीवर पडून त्या सप्टेंबरात आला, पण त्याचे गायन आजाराचे निदान होण्याआधीच झालेले होते. ती गाठ गळ्यात घेऊनच तो ते सगळे गायला होता. पुढच्या वर्षी, अठ्ठावन्नाव्या वर्षात, तो बोइंग ७४७ चे प्रशिक्षण पुरे करून दौऱ्यावर निघाला. अशा आजारातून उठलेला माणूस पुन्हा वर्गात जाऊन बसतो, चारशे टनांच्या विमानाची परीक्षा देतो, हे मी माझ्या आईच्या आजारपणात कित्येकदा स्वतःला सांगितले आहे.

त्या अल्बमच्या शेवटी 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स' आहे. अठरा मिनिटांचे हे गाणे ब्रूसने एकट्याने लिहिले आणि त्यातला पियानोही स्वतः वाजवला. विषय आहे आर १०१ या ब्रिटिश हवाई जहाजाचा, म्हणजे पोटात हलका वायू भरून हवेत तरंगणाऱ्या प्रचंड यानाचा. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ते इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून निघाले आणि पहाटेच्या सुमारास फ्रान्समधल्या बोवे गावाजवळ पावसावाऱ्यात खाली येऊन जळाले. जहाजावरच्या चौपन्न जणांपैकी अठ्ठेचाळीस मृत्यू पावले. ते निघाले होते कराचीला. तिथे त्याच्यासाठी एक अवाढव्य हँगर बांधून तयार होता, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. आपल्याच इलाख्याकडे येणारे ते जहाज वाटेतच संपले, हे कळल्यापासून त्या गाण्यातला पियानो मला वेगळा ऐकू येतो.

याच्यापुढची गोष्ट आमच्या नाशिककर मित्राने शोधून काढली आणि त्या रविवारी डोंबिवलीत, पोह्यांच्या बशा बाजूला सारून, आम्हाला सांगितली. जहाज वेळेवर निघावे म्हणून आग्रह धरणारे आणि त्याच्यातच मरण पावलेले ब्रिटनचे हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन यांचा जन्म १८७५ साली नाशिकला झाला होता. हे सांगताना मित्राचा आवाज खाली आला होता. मग आम्ही नवा अल्बम थांबवला, दिवे मंद केले आणि ती अठरा मिनिटे पुन्हा ऐकली. कार्डिंग्टनच्या ज्या हँगरांत असली जहाजे घडली, तिथेच पुढे एअरलँडर या नव्या हवाई जहाजाची जुळणी झाली आणि त्या प्रकल्पात ब्रूसने स्वतःचे पैसे घातले. त्याला ही जहाजे नुसती गायची नव्हती, पुन्हा उडताना पाहायची होती.

नव्या अल्बमविषयी आमचे एकमत झाले नाही. माझ्या मते तो 'केमिकल वेडिंग'च्या उंचीचा नाही, पण शेवटच्या दोन गाण्यांत या माणसाने घाई करायचे सोडून दिले आहे आणि ते मला फार भावले.

एक गोष्ट राहिली, तलवारबाजीची. माझी भाची छत्रपती संभाजीनगरला फॉइल खेळते. गेल्या दिवाळीत मी तिचा सराव पाहायला गेलो. तिने मला पाते हातात दिले. अर्ध्या किलोहूनही हलके, लवचीक, चौकोनी छेदाचे. टोकाला एक लहानशी स्प्रिंगची कळ असते. ती किमान पाचशे ग्रॅम वजन उचलेल एवढ्या जोराने दाबली गेली तरच वार धरला जातो आणि यंत्रावरचा दिवा लागतो. फॉइलमध्ये वार फक्त धडावर मोजतात, आणि तोही ज्याचा हल्ल्याचा अधिकार असेल त्याचाच. दुसऱ्याला आधी ते पाते अडवून बाजूला सारावे लागते, मगच त्याची पाळी येते. वार, अडवणे, प्रतिवार अशा एका अखंड साखळीला या खेळात 'फ्रेज' म्हणतात, हे तिने मला सांगितले. संगीतातल्या सुरांच्या तुकड्याचे हेच नाव आहे, हे मी तिला सांगितले. दोघेही क्षणभर गप्प झालो.

ब्रूस शाळेत असताना हे पाते धरायला शिकला, आणि अजूनही धरतो. मी भाचीला त्याच्याविषयी सांगू लागलो, पण तिचे लक्ष माझ्या पायांकडे होते. "मामा, पुढचा पाय सरळ ठेव," ती म्हणाली, "मागचा काटकोनात, आणि गुडघे वाक." मी वाकलो. "अजून," ती म्हणाली. मी आणखी वाकलो, पाते समोर धरले, आणि तिने आपल्या जाकिटावर छातीच्या मधोमध बोट ठेवून मला वार करायची जागा दाखवली.